कोणावर संशय?

ज्याची सायकल चोरीला जाते त्याला लोक आधी विचारतात, ‘कुलूप लावलं होतं का?’ मग विचारतात, ‘कोणावर संशय?’ पहिल्या प्रश्नाचा राग येतो, कारण चोर राहतो बाजूला आणि चौकशी आपलीच सुरू होते. दुसरा प्रश्न आपल्या बाजूचा वाटतो. विचारणारा जवळ येऊन, आवाज खाली आणून विचारतो. मला मात्र या दुसऱ्याच प्रश्नाची जास्त भीती वाटते. ती का वाटते, ते इथे मांडून बघते.

माझी सायकल गेली ती यवतमाळात, दारव्हा रोडच्या बाजूला आम्ही राहतो त्या चार मजली इमारतीच्या पार्किंगमधून, भरदुपारी. एकवीस गियरची एमटीबी, पुढे सस्पेन्शन, बिल सतरा हजारांचं. पॅथॉलॉजी लॅबच्या पगारातून आठ महिने थोडे थोडे पैसे बाजूला काढून घेतलेली. यवतमाळ माळावर वसलेलं गाव आहे, त्यामुळे कोणत्याही बाजूला निघालात तरी थोड्या वेळात चढ किंवा उतार लागतोच. रोज पहाटे मी निळोणा धरणापर्यंत जायची, रविवारी चापडोहकडच्या मातीच्या वाटांनी. एकट्या मुलीला पहाटे साडेपाचला, कोणाला न विचारता, कोणाच्या गाडीमागे न बसता कुठेतरी जाता येणं, ही त्या सायकलची माझ्यासाठीची किंमत. ती बिलावर छापलेली नव्हती.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, कुलूप होतं. केबलचं, जिन्याच्या ग्रिलला अडकवलेलं. केबलचा कापलेला तुकडा तिथेच पडला होता. 

एमटीबी ही वस्तूच मुळात चोराला सोयीची आहे. साध्या काळ्या सायकलला मागच्या चाकावर गोल कुलूप कायमचं बसवलेलं असतं. एमटीबीच्या जाड टायरवर आणि डिस्क ब्रेकच्या सांगाड्यावर ते सहसा बसत नाही, म्हणून ती कुलपाशिवायच विकली जाते. वजन कमी ठेवायचं म्हणून कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, कधी कधी स्टँडही नाही. डोंगर चढताना जे हलकेपण कामाला येतं तेच उचलून नेणाऱ्याच्याही कामाला येतं. पुष्कळ सायकलींना पुढच्या चाकाला आणि सीटला क्विक रिलीजचा खटका असतो. हा खटका शर्यतीत पान्याशिवाय चाक निघावं म्हणून आला. आपल्याकडे बसस्टँडवर सायकल लावली तर त्याच खटक्याने कोणीही अर्ध्या मिनिटात चाक काढून नेऊ शकतो.

माहितगार लोक सांगतात ते असं. केबल घेऊ नका, ती साध्या कटरने तुटते. पोलादी यू-लॉक घ्या. ते मागच्या चाकातून आणि सांगाड्यातून एकदमच जाईल असं लावा आणि जमिनीत पक्क्या रोवलेल्या कशाला तरी अडकवा. जमिनीपासून वर लावा, कारण जमिनीवर टेकलेल्या कुलपावर घण मारणं सोपं जातं. आत मोकळी जागा ठेवू नका, तिथे पहार घालता येते. हे सगळं बरोबर आहे, फक्त जमिनीत पक्कं रोवलेलं असं काही आपल्या गावांत सापडत नाही. दत्त चौकात किंवा बाजारात सायकल कशाला बांधणार? विजेच्या खांबाला हात लावायची भीती, लिंबाच्या झाडाला कुलूप पुरत नाही, आणि दुकानाच्या शटरला लावली तर दुकानदार ओरडतो.

शिवाय कुलूप म्हणजे काही शेवटचा शब्द नाही. २००४ साली क्रिप्टोनाइट या नावाजलेल्या अमेरिकन कंपनीची महागडी यू-लॉक साध्या बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने उघडतात असं कोणीतरी व्हिडिओ टाकून दाखवलं, आणि कंपनीला ती कुलपं बदलून द्यावी लागली. कुलूप चोराला फक्त वेळ लावतं. आणि वेळ लागतोय असं दिसलं की तो शेजारच्या सायकलीकडे वळतो. ही गोष्ट कुलूप विकणारे सांगत नाहीत. माझ्याकडे तीन हजारांचं कुलूप आलं की चोरी थांबत नाही, ती माझ्याकडून निघून दोनशे रुपयांच्या कुलपाच्या मालकाकडे जाते. तरीही कुलूप लावण्यात मला नैतिक अडचण वाटत नाही, कारण त्याचा मुख्य भार मी उचलते: पैसे माझे, वजन माझ्या पाठीवर, रोजची किल्लीची कटकट माझी.

संशयाचं तसं नाही.

तक्रार द्यायला गेले. प्रथम खबरी अहवालाच्या नमुन्यात एक रकाना असतो: माहीत असलेल्या, संशयित किंवा अनोळखी आरोपीचा तपशील. लिहून घेणाऱ्याने पेन थांबवून विचारलं, ‘कोणावर संशय?’ मी म्हटलं, नाही. त्याने पुन्हा विचारलं, ‘आजूबाजूला कोणी येणारं-जाणारं? भंगारवाले वगैरे?’ तो काही वाईट वागला नाही. त्याला तपासाला सुरुवात कुठून तरी करायची होती. मी ‘अनोळखी’ असं लिहायला सांगितलं.

इथे कायद्याचं थोडं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. मला ही तरतूद आवडते. पहिल्यांदा चुकलेल्या पोराला तुरुंगात पक्कं होऊ द्यायचं नाही, एवढं शहाणपण तिच्यात आहे. पण पाच हजारांच्या खालची चोरी त्याच वेळी अदखलपात्र झाली, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. माझी सतरा हजारांची हौस दखलपात्र. सकाळी पेपर टाकणाऱ्या पोराची जुनी सायकल अदखलपात्र. बाभूळगाव नाहीतर घाटंजीच्या एखाद्या गावातून चार किलोमीटर शाळेत जाणाऱ्या आठवीतल्या मुलीची दोन वर्षं वापरलेली लेडीज सायकलही तशीच. तिची सायकल गेली तर तिची शाळाच सुटायची शक्यता असते. माझी गेली तर पहाट गेली. कायदा बाजारभावाने मोजतो, आणि बाजारभावाने मोजलं की उलटंच उत्तर येतं.

घरी आले तोवर इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं ठरून गेलं होतं. गेटवरच्या कॅमेऱ्यात दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी दोन पोरं आत येताना दिसत होती. दहा-बारा वर्षांची असतील. खांद्यावर पोती. सव्वादोनच्या पुढे ती पोत्यांसकट बाहेर जाताना दिसतात, सायकल बरोबर नाही. जिथे सायकल होती तो कोपरा कॅमेऱ्यात येतच नाही, आणि मागची कंपाउंडची भिंत कंबरेएवढी आहे, तिकडे कॅमेरा नाही. कोणीतरी त्या पोरांच्या तोंडाभोवती लाल गोल काढून फोटो टाकला होता, वर लिहिलं होतं ‘सायकल चोर, सावध राहा’. खाली अंगठे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, ‘बेड्यावरचेच दिसतात.’

बेडा म्हणजे काय ते यवतमाळबाहेरच्यांसाठी सांगते. फासेपारध्यांच्या वस्तीला आमच्याकडे पारधी बेडा म्हणतात. जिल्ह्यात असे पुष्कळ आहेत, बहुतेक गावापासून जरा लांब. फासे लावून तितर-बटेर धरणं हा यांचा पिढीजात धंदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तोही गुन्हा झाला. त्याच्या शंभर वर्षं आधी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला होता आणि पुढे तो देशभर पसरवला. त्या कायद्यात माणसाने काही करण्याची गरजच नव्हती. यादीतल्या जमातीत जन्मलात की झालं. हजेरी द्या, परवानगीशिवाय गाव सोडू नका. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाली होती, तोवर ही माणसं कायद्याने गुन्हेगारच होती. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढून टाका, असं सांगावं लागलं. म्हणजे रकाना २०२४ पर्यंत होता. काकांनी ग्रुपवर दोन शब्द लिहिले, पण ते शब्द त्यांचे एकट्याचे नव्हते. त्यांच्यामागे दीडशे वर्षांची सवय होती.

मी ग्रुपवर लिहिलं की फोटो काढून टाका. ही लहान मुलं आहेत. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ गुन्ह्यात नाव आलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं, आणि इथे तर मुलांवर गुन्हाही नाही. त्यावर शांतता पसरली. मग काकांचा फोन आला. ‘बेटा, आमी तुह्याचसाठी करून राह्यलो ना. तुले सायकल वापस नको का?’

या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, कारण तो खोटा नाही. मला सायकल हवी होती. माझी शाळेतली मैत्रीण तर त्याच्याही पुढे गेली. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, भावनेला फसत नाही. ती म्हणाली, ‘समज, त्या पोट्ट्यांनीच नेली असन तर? तुह्या चांगुलपणानं चोराले फायदा झाला. अन् उद्या दुसऱ्याची नेतीन. मग ते कोणाच्या नावावर?’

बरेच दिवस मी यावर विचार केला. ती पोरं निर्दोष होती असं मी म्हणत नाही. मला ते ठाऊक नाही, आणि सायकल आजवर सापडलेली नाही, म्हणजे कदाचित कधीच ठाऊक होणार नाही. एखादी गोष्ट असती की सायकल शेवटी काकांच्याच भाच्याने नेलेली निघते, तर वाचणाऱ्याला बरं वाटलं असतं. पण निर्दोष निघाले म्हणून संशय वाईट, हा युक्तिवाद फार कच्चा आहे. उद्या दोषी निघाले की तो कोसळतो.

माझं म्हणणं असं आहे की पाहिलेलं सांगणं आणि वाटलेलं सांगणं यात फरक आहे. तो फरक पोरं दोषी असली तरी टिकतो. कॅमेऱ्याचं दिवसभराचं चित्रण मी पोलिसांना पेनड्राइव्हवर नेऊन दिलं. त्यात ती दोन पोरं होती. पाण्याचे कॅन टाकणारा होता, दोन कुरिअरवाले होते, तिसऱ्या मजल्यावरच्यांकडे आलेले पाहुणे होते, टाकी साफ करायला आलेले दोघे होते, आणि मी होते. सकाळपासून मी मोजली ती सोळा माणसं. हे सांगणं माझं काम होतं. त्यातून दोघांभोवती लाल गोल काढला तर मात्र मी पाहिलेल्यापेक्षा जास्त काही सांगितलं असतं. तो जास्तीचा भाग कुठून आला असता? चित्रणातून आलेला नाही, कारण कुरिअरवालाही तेवढाच वेळ आत होता आणि त्याच्याकडे पोत्यापेक्षा मोठी पिशवी होती. तो भाग कपड्यांतून आला, पोत्यातून आला, आणि बेड्याविषयी जे ऐकत आपण वाढलो त्यातून आला.

मैत्रिणीचा दुसरा मुद्दा राहतो: तुझ्या शांत राहण्याची किंमत पुढचा सायकलवाला मोजेल. बरोबर. पण मी शांत राहिले नव्हते, मी सगळं चित्रण दिलं होतं. मी फक्त माझा अंदाज दिला नाही. माझा अंदाज चुकला असता तर काय, हेही बघायला हवं. माझं नुकसान सतरा हजार. त्याला बिल आहे, तक्रार क्रमांक आहे, लोकांची हळहळ आहे. रात्री बेड्यावर कोणी चौकशीला गेलं, पोरांना गाडीत बसवलं, बापाला चार शब्द ऐकवले, आणि सकाळी ‘काही निघालं नाही’ म्हणून सोडलं, तर त्यांच्या नुकसानीची तक्रार कुठल्या नमुन्यावर लिहायची? त्यांच्या रात्रीचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं? कुलपाचे पैसे मी भरते. संशयाचे पैसे दुसऱ्याने भरायचे, तेही ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहेत त्याने. माझ्या वस्तूच्या राखणीचा खर्च मी त्याच्यावर टाकू शकते का? मला तो हक्क कुठून मिळतो, ते सापडत नाही.

मैत्रीण म्हणाली, ‘हे कोर्टात चालन, कॉलनीत नाही चालत.’ आमचं भांडण अजून चालू आहे.

या सगळ्यात मला एक सिनेमा पुन्हा पुन्हा आठवतो. प्रकाश कुंटे यांचा २०१८ चा ‘सायकल’. कोकणातला केशव नावाचा ज्योतिषी, त्याची जिवापाड जपलेली सायकल, आणि ती घेऊन पळणारे दोन भुरटे चोर. गंमत अशी की चोर जिथे जातात तिथे लोक सायकल ओळखतात. ही केशवची सायकल, म्हणजे ही माणसंही केशवचीच, असं धरून त्यांना जेवूखाऊ घालतात, विश्वासाने वागवतात. त्या विश्वासाने चोर अवघडून जातात. आमच्या पार्किंगमध्ये याच्या बरोबर उलट झालं. सायकल कोणीच ओळखत नव्हतं, सगळ्यांनी माणसं ‘ओळखली’. एरवी बोलायला लोक दे सिकाच्या १९४८ च्या ‘बायसिकल थीव्ज’चं नाव घेतात, आणि तो मोठा सिनेमा आहेच. त्यात सायकल गेलेला बाप शेवटी स्वतःच दुसऱ्याची सायकल चोरतो, पकडला जातो, आणि त्या सायकलचा मालक रडणाऱ्या पोराकडे बघून त्याला सोडून देतो. पण माझ्या प्रश्नाला कोकणातला केशवच जवळचा आहे.

ओळख ठेवायची ती सायकलीची, हा धागा मला त्यातून सापडला. ही काही नवी कल्पना नाही. पूर्वी नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या आणि पत्र्याचा बिल्ला द्यायच्या, तो सायकलीवर लावावा लागे. जपानमध्ये १९९४ पासून प्रत्येक सायकलची चोरी-प्रतिबंधक नोंदणी सक्तीची आहे, सांगाड्यावर क्रमांकाचं स्टिकर असतं. अर्थात तिथेही पोलीस रस्त्यात सायकल थांबवून क्रमांक तपासतात, आणि आधी कोणाला थांबवायचं हा प्रश्न तिथेही उरतोच. सरकारी सोय होईपर्यंत आपण एवढं करू शकतो: सायकल उलटी करा. पायडल जिथे बसतात त्या नळीच्या खाली बहुतेक सायकलींवर एक क्रमांक कोरलेला असतो. त्याचा फोटो काढून बिलासोबत ठेवा. सीट वर ओढून काढा आणि खालच्या नळीत नाव-फोन लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून टाका. चोर रंग बदलतो, स्टिकर खरवडतो, नळीत बघत नाही. ज्या मिस्त्रीकडे ब्रेक घट्ट करायला नेता त्याला क्रमांक देऊन ठेवा. मी नेते त्या मिस्त्रीला गावातल्या अर्ध्या गियरवाल्या सायकली ठोकरीच्या खुणांवरून ठाऊक आहेत. माझी गेल्याचं कळल्यावर त्याने ‘कोणी नेली’ असं विचारलंच नाही. त्याने विचारलं, ‘मागच्या डिरेलरचा हुक वाकलेलाच होता ना, की सरळ करून घेतला होता?’ वाकलेलाच होता. ‘मंग आली तर समजते,’ तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात इमारतीची बैठक झाली. दोन ठराव आले. पहिला, गेटवर ‘भंगारवाले व फेरीवाले यांना प्रवेश नाही’ अशी पाटी लावायची आणि मागच्या बाजूला दोन नवे कॅमेरे बसवायचे. कारण म्हणून वहीत माझ्या सायकलीची नोंद झाली. मी हात वर केला नाही, तसं वहीत लिहायला सांगितलं. बाकी सगळ्यांचा होता. दुसरा ठराव माझा: पार्किंगच्या भिंतीला दोन इंची लोखंडी पाइप सिमेंटमध्ये पक्का बसवायचा, म्हणजे सगळ्यांना, दूधवाल्याच्या आणि कामाला येणाऱ्या मावशींच्या पोराच्या सायकलीलासुद्धा, कुलूप अडकवायला जागा होईल. वेल्डिंगवाल्याकडून भाव आणला होता, अडीच हजार. खजिनदार काका म्हणाले, ‘बेटा, कल्पना चांगली हाये. पण कॅमेऱ्यातच पैसे संपले. पाइपचं दिवाळीनंतर पाहू.’

पाटी दुसऱ्याच दिवशी लागली. पाइपसाठी मी आता घरोघरी शंभर-शंभर रुपये गोळा करते आहे. काकांनी दोनशे दिले.